मागचा डावा खांदा

आमच्या पालखीच्या दांडीला मागच्या टोकापासून वीतभर अंतरावर एक खाच आहे. कानशीने घासून ती गुळगुळीत केलेली आहे आणि दिवसा पाहणाऱ्याला तो लाकडातला दोष वाटावा इतकी ती लहान आहे. ती माझ्या मित्राने केली. आषाढातल्या ढगाळ रात्री मसाई पठारावर खांदेपालट करताना दांडी कुठे संपते हे डोळ्यांना दिसत नाही, ते हाताला कळावे लागते, एवढेच तिचे कारण होते. २०२३च्या दिवाळीनंतर तो गेला. पुढच्या वर्षी ज्येष्ठ सरत आला तेव्हा आम्ही माळ्यावरून दांडी खाली काढली, फडक्याने तिला तेल दिले, आणि माझे बोट त्या खाचेवर आल्यावर बराच वेळ तिथून पुढे सरकले नाही.

आम्ही काय करतो ते आधी सांगायला हवे. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. चार महिने झाले तरी वेढा ढिला होत नव्हता. पावसाळ्यातही तो चालू राहावा म्हणून सिद्दीने छावणीवर छपरे घालून घेतली होती, आणि राजापूरच्या वखारीतले इंग्रज आपल्या तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले होते. शरण येण्याची बोलणी लावून शिवाजी महाराजांनी शत्रूला गाफील केले आणि आषाढी पौर्णिमेच्या रात्री, भर पावसात, सुमारे सहाशे माणसांनिशी ते गडाबाहेर पडून विशाळगडाकडे निघाले. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात बसून शत्रूच्या हाती लागलेला शिवा काशीद, गजापूरच्या घोडखिंडीत सिद्दी मसूदची फौज अडवून धरणारे बाजीप्रभू आणि फुलाजीप्रभू, आणि त्यांच्याबरोबर लढलेले हिरडस मावळातले बांदल ही कथा मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. त्या घोडखिंडीलाच पुढे पावनखिंड म्हणू लागले. दरवर्षी पावसाळ्यात हजारो माणसे ही पन्नासेक किलोमीटरची वाट चालतात. आम्ही अकरा जण ती वाट पालखी घेऊन चालतो, शक्य तितके त्या काळातले अन्न खाऊन आणि त्या काळासारखे कपडे घालून. पश्चिमेकडच्या देशांत जुन्या लढायांच्या मैदानांवर माणसे त्या काळचे कपडे घालून तंबूत राहतात, तेव्हाचे जगणे अंगावर घेऊन पाहतात. आम्ही करतो ते त्याच जातीचे काम आहे, फक्त आमच्याकडे मैदान नाही, वाट आहे.

माझी आणि त्याची ओळख तालमीत झाली. मी शाळेत मराठी शिकवणारा, तिशी उलटून गेल्यावर मर्दानी खेळ शिकायला आलेलो, तर तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर, आणि लाठी, फरीगदगा, विटा, पट्टा हे सगळे पोरवयापासून हातात खेळवलेला. वस्तादांनी मला त्याच्या हवाली केले. पहिले चार महिने त्याने माझ्या हातात लाठीखेरीज काही दिले नाही. पट्टा हाती आला तेव्हा त्याचे कारण कळले. तलवार मनगटावर चालते. पट्ट्याच्या खोबळ्यात हात कोपरापर्यंत अडकलेला असतो, आतली आडवी मूठ धरल्यावर मनगट वळूच शकत नाही, त्यामुळे पात्याची सगळी फिरत खांद्यातून, कमरेतून आणि पावलांतून यावी लागते. पाय चुकला की पाते चुकते, आणि ते लवचिक, दुधारी पाते चुकले तर समोरच्याच्या आधी स्वतःलाच लागते. तो पट्टा फिरवू लागला की मी त्याच्या हाताकडे पाहत नसे, पायाकडे पाहत असे. गाडीच्या पाट्याचे पोलाद घासून सरावाचे बोथट पट्टे तो स्वतः करी आणि तालमीतल्या पोरांना देई. त्याचे पैसे त्याने कधी घेतले नाहीत.

तालमीच्या प्रात्यक्षिकांत माणसाच्या तळहातावर ठेवलेल्या लिंबाचे पट्ट्याने दोन तुकडे करायचे असतात. प्रेक्षकांच्या टाळ्या त्याच खेळाला सर्वांत जास्त पडतात. तो हे डोळे मिटूनही करू शकेल अशी आमची खात्री होती, पण प्रात्यक्षिकात तो ते करीत नसे, तो लिंबू हातावर धरून उभा राहत असे. नव्या पोराचा पहिला वार त्याच्या हातावर होई. ज्याचा हात खाली आहे त्याने हलायचे नाही, एवढेच त्याला जमायला हवे, असे तो म्हणे, आणि ते जमणे वार करण्यापेक्षा अवघड आहे हे माझ्यासारख्याला बऱ्याच उशिरा उमगले.

पालखीची कल्पना त्याचीच. २००८ साली आम्ही सहा-सात जण पहिल्यांदा ही वाट चाललो, तेव्हा पांढरेपाण्याच्या अलीकडे एका झाडाखाली बसून, पायाच्या जळवा काढता काढता, त्याने विचारले की त्या रात्री महाराजांची पालखी वाहणारे भोई किती असतील. आम्हां कुणालाच सांगता आले नाही. किती जणांनी किती वेळाने खांदा बदलला असेल, पठारावरच्या चिखलात पालखी किती हलली असेल, मागच्या भोयाला पुढची वाट दिसत असेल की नाही, असे एकेक प्रश्न तो विचारत गेला. लढाईविषयी त्याने काही विचारले नाही. त्या सहाशे माणसांपैकी आपण मोजून पाच-सहा नावे घेतो, उरलेल्यांनी काय केले हे कळण्याचा एकच उपाय आहे, ते करून बघायचे, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्या उन्हाळ्यात त्याने पालखी तयार केली. सागवानी दांडी, बांबूची बैठक, वर मेणकापडाऐवजी तेलपाणी दिलेले जाड सुती कापड. आत माणूस बसवायचाच असा त्याचा आग्रह होता, आणि वजन खोटे असेल तर सगळेच खोटे ठरेल या त्याच्या म्हणण्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्या पालखीने आम्हांला जे शिकवले ते एरवी कुणी शिकवले नसते. चौघांनी एका तालात पावले टाकली तर पालखी होडीसारखी हेलकावते आणि आतल्या माणसाला मळमळू लागते. पावले मुद्दाम विस्कळीत ठेवावी लागतात, म्हणजे चौघांनी चार तऱ्हांनी चालून एकच वजन वाहायचे. चामड्याच्या वहाणा भिजल्या की जड होतात आणि शेवाळलेल्या कातळावर घसरतात, तेव्हा दोन तासांत आम्ही सगळे अनवाणी झालो, आणि तेव्हाचे बहुतेक जण अनवाणीच धावले असतील असे त्या रात्री पहिल्यांदा वाटून गेले. घोंगडी पाणी पिते, पण ओली झाली तरी ऊब सोडत नाही. बाराबंदीचे बंद भिजल्यावर सुटत नाहीत. यांतले काही पुस्तकात सापडेलही, पण खांद्याला कळलेली गोष्ट आणि वाचलेली गोष्ट यांत जो फरक असतो तो माझ्यासारख्या पुस्तकी माणसाला त्या पालखीने दाखवला.

पालखीत त्याची जागा ठरलेली होती: सर्वांत मागे, दांडी डाव्या खांद्यावर. आमच्यात बाजीप्रभू व्हायला सगळे तयार असत. खिंडीत पोहोचल्यावर आम्ही जो छोटा प्रसंग करीत असू त्यात एका वर्षी त्यालाच बाजीप्रभू करावे असे आम्ही सर्वांनी ठरवले, कारण आमच्यात पट्टा त्याच्याइतका कुणालाच येत नव्हता. त्याने हसून नकार दिला आणि ते काम बावीस वर्षांच्या एका मुलाला दिले. मागच्या भोयाला पालखीच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. खड्डा, पाणी, निसरडा कातळ, वळण हे सगळे त्याला पुढच्याच्या तोंडून कळते. आमच्यात पुढे मी असे, आणि माझे काम मुख्यतः बोलत राहण्याचे होते: डावीकडे पाणी, पाऊल उंच, थांब, ये. मी बोललो की तो मागून नुसता हुंकार देई. कित्येक तास आमचे तेवढेच संभाषण चाले, आणि तितके समाधानाचे बोलणे मी दुसऱ्या कुणाशी केलेले मला आठवत नाही.

त्याचे नाव मी इथे लिहिलेले नाही, ते याच कारणाने. फलकावर आमची नावे लिहायची टूम एका वर्षी निघाली होती, तेव्हा ज्या वाटेवर साडेपाचशेहून जास्त नावे हरवली आहेत तिथे आपली कशाला, असे म्हणून त्याने तो फलक रंगवूच दिला नाही. त्याची ती इच्छा मला मोडवत नाही.

त्याची काटेकोर वृत्ती पुष्कळांना जाचक वाटे. मला वाटत नसे. शिदोरीत नाचणीची भाकरी, कांदा, लसूण आणि कारळ्याची चटणी एवढेच. शेंगदाण्याची चटणी चालत नसे, कारण शेंगदाणा अमेरिका खंडातून आलेला आणि आपल्याकडे फार पुढे रुळलेला. बटाटा, टोमॅटो त्याच कारणाने वर्ज्य. मिरचीही तिकडचीच, पण पोर्तुगिजांनी ती सोळाव्या शतकातच आणली म्हणून तिला मुभा होती. विजेरी फक्त अडचणीला. सर्वांत जास्त वाद झाला तो तारखेवरून. १२ जुलै ही तारीख सोयीची, तिच्या आसपासचा शनिवार-रविवार धरला की सगळ्यांना रजा न घेता येता येते, असे आमच्यातल्या नोकरदारांचे म्हणणे होते, आणि त्यात मीही होतो. त्याने पंचांग आणि एक वही पुढे ठेवली. पुस्तकातली १२ जुलै १६६० ही जुन्या ज्युलियन पद्धतीची तारीख. आजच्या कालगणनेत ती दहा दिवस पुढे, म्हणजे २२ जुलैला पडते. आपण १२ जुलैला गेलो तर ना ती तारीख साधते ना तो चंद्र. आणि चंद्र हवाच, कारण पौर्णिमेला आभाळ कितीही भरलेले असले तरी रात्र काळी होत नाही, राखाडी राहते. विजेरी विझवून वीस मिनिटे थांबलो की पायवाटेवरचे पाणी फिकट दिसू लागते, गवत काळे दिसते आणि त्या दोहोंच्या मधून चालता येते. त्या रात्री मशाली न पेटवता सहाशे माणसे कशी चालली असतील, याचे उत्तर आम्हांला मसाई पठारावर असे उभे राहून मिळाले. तेव्हापासून आम्ही तिथीनेच जाऊ लागलो. त्याच वहीत त्याने पुढच्या बऱ्याच वर्षांच्या आषाढी पौर्णिमा लिहून ठेवल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीभोवती लाल शाईने वर्तुळ केले होते: २१ जुलै २०२४. त्या रात्रीशी ऋतू आणि तिथी दोन्ही जवळजवळ नेमकी जुळणारी पौर्णिमा.

२०१४ सालची एक गोष्ट मला सांगितली पाहिजे, कारण ती मी अनेक वर्षे कुणाला सांगितली नाही. खोतवाडी सोडून आम्ही करपेवाडीच्या अंगाला लागलो होतो. पहाटेचे साडेतीन वाजले असतील. पाऊस आडवा लागत होता आणि मी थकलो होतो. वाटेत एक ओघळ आला. मी तो ओलांडला आणि बोललो नाही. विसरलो असे म्हणणे खोटे ठरेल. मला बोलायचा कंटाळा आला, आता त्याला वाट पाठ झाली असेल असे मी मनाशी म्हटले. पुढच्या क्षणी दांडी मागे ओढली गेली आणि थांबली. पालखी कलली, पण पडली नाही. मागे जाऊन पाहिले तर तो ओघळात एका गुडघ्यावर होता, दांडी अजून खांद्यावर होती आणि गुडघ्याखालच्या दगडावर रक्त होते. आत बसलेल्या मुलाला खाली उतरवेपर्यंत त्याने खांदा काढला नाही. त्या रात्री तो लंगडत खिंडीपर्यंत आला. मला तो एका शब्दाने बोलला नाही, फक्त पुन्हा पालखी उचलताना म्हणाला, "पुढच्यानं बोलत ऱ्हायला पायजे, गड्या." त्याचा तो गुडघा पुढे कायम पावसाळ्यात दुखत असे, आणि माझ्यासमोर मात्र त्याने तो कधी चोळला नाही.

२०२० नंतर त्याची मूत्रपिंडे निकामी होत गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. डाव्या हाताच्या ज्या शिरेतून रक्त काढून शुद्ध करीत त्या हाताने वजन उचलायला त्याला बंदी झाली. म्हणजे पालखी गेली आणि पट्टाही गेला. त्या काळात मी दर आठवड्याला त्याच्याजवळ बसत असे आणि काय बोलावे हे मला सुचत नसे. यंत्राचा आवाज आणि आमची शांतता. ऑक्टोबरात एका दुपारी त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "आता मी पुढं हाय. पर मला बी काय दिसंना झालंय, तुला सांगू काय?" त्यावर मी त्याचा हात धरला. मला तेव्हा हुंकारसुद्धा देता आला नाही, आणि ते मला आजही खुपते.

शेवटच्या आषाढात, म्हणजे २०२३ साली, तो आम्हांला पोहोचवायला पन्हाळ्यावर आला होता. गडाच्या राजदिंडी नावाच्या दरवाजापाशी घोंगडी पांघरून एका दगडावर बसला, प्रत्येकाची शिदोरी उघडून पाहिली, एका नव्या मुलाच्या पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून स्वतःच्या खिशात टाकला आणि मग पालखीच्या मागच्या टोकाशी जाऊन दांडीवरची खाच चाचपली. आम्ही उतरू लागलो तेव्हा पाऊस इतका होता की दहा पावलांवर मागे वळून पाहिले तर तो दिसत नव्हता.

तो गेल्यानंतर तीन महिन्यांनी, शिवजयंतीच्या दिवशी, दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. तालमीत पेढे वाटले गेले. मी माझा पेढा खाल्ला नाही, कागदात गुंडाळून त्याच्या घरी घेऊन गेलो. वहिनींनी तो त्याच्या तसबिरीपुढे ठेवला, आणि मग आतल्या खोलीतून एक वस्तू आणून माझ्यासमोर ठेवली. ते अर्धे झालेले इरले होते.

वाटेवरच्या एका धनगरवाड्यात एक म्हातारी राहते. पहिल्या वर्षापासून पहाटे आम्ही तिच्या पडवीत थांबतो आणि ती आम्हांला चहा देते. चहा त्या काळातला नाही हे खरेच, पण त्या पडवीपुरते तो काही बोलत नसे. आजीला नाही म्हणायचे नाही, हा त्याचा वरचा नियम होता. तिच्या मालकांकडून तो इरले विणायला शिकत होता. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्याच्या दोन थरांमध्ये पाने दाबून बसवायची आणि वाखाने आवळायचे. पाठीवर उलट्या होडीसारखे घातले की वाकून रोप लावणाऱ्या माणसाचे दोन्ही हात मोकळे राहतात. प्लास्टिकचे कागद आले आणि इरली गेली. तो म्हातारा त्या वाडीत इरले विणणारा शेवटचा माणूस होता, आणि तो वारल्यावर जेवढे शिकून झाले होते तेवढ्यावर माझा मित्र घरी बसून एकटा विणत राहिला होता. त्या पौर्णिमेला आपल्याला चालता येणार नाही हे त्याला कळून चुकले होते, तरीही इरले त्याला त्या रात्रीसाठी हवे होते, असे वहिनी म्हणाल्या.

२१ जुलै २०२४ला आम्ही निघालो. मागच्या डाव्या खांद्याला तो बावीस वर्षांचा मुलगा होता, जो आता तिशी ओलांडून गेला आहे. पुढे मी. राजदिंडीपासून मी बोलत गेलो, नको इतके बोललो, प्रत्येक दगड सांगितला, आणि मागून दर वेळी हुंकार येत होता. पठारावर आम्ही विजेऱ्या विझवून थांबलो. रात्र राखाडी होती. पाणी फिकट दिसू लागले, गवत काळे, आणि आम्ही चालू लागलो.

पहाटे पडवीत म्हातारीने आमच्याकडे एकदा नजर फिरवली. गेल्या साली तो नव्हता तेव्हाही तिने विचारले होते आणि आजारी आहे असे आम्ही सांगितले होते. या वेळी तिने विचारले नाही. मी पाठीवरची पिशवी सोडून इरले तिच्यापुढे ठेवले. तिने ते कंदिलाजवळ नेले, उलटे केले, कामट्यांवरून बोटे फिरवली, आणि चेहऱ्यावर काहीही न आणता म्हणाली, "आवळ कमी पडलाय. ह्यातनं पानी गळतंय बग." मग तिने त्याने बांधलेल्या शेवटच्या दोन ओळी सोडल्या. वाखाचा एकेक वेढा सुटत होता तसे मला तिला थांबवावेसे वाटत होते. तिने तो वाख पाण्यात भिजवला, पायाच्या अंगठ्यात धरून ताणला, आणि मालकाच्या शेजारी बसून चाळीस वर्षे पाहिलेले ते काम तिच्या हातांनी सावकाश, न थांबता केले. चहा निवला तरी कुणी उठले नाही. शेवटची गाठ दाताने ओढून तिने इरले माझ्या पाठीवर घातले, दोन्ही बाजू खाली ओढून पाहिल्या आणि पडवीबाहेर बोट दाखवले.

मी पावसात जाऊन उभा राहिलो. वर पानांवर थेंबांचा मोठा आवाज होत होता, आणि खाली पाठ कोरडी होती. मागून दांडी उचलल्याचा आवाज आला. मी पुढचे टोक खांद्यावर घेतले आणि म्हणालो, "उजवीकडे पाणी आहे. ये."